पोच मिळाली का?

मंडळी, नगरपालिका आणि ग्रामपंचायती इंटरनेटवर आल्या आणि आम्हा पेन्शनरांत दोन तट पडले. एक म्हणतो, "काय सोय झाली!" दुसरा म्हणतो, "पूर्वीचंच बरं होतं, खिडकीवर माणूस तरी भेटायचा." मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं.

सोय झाली यात शंका नाही. पेण-रोह्याच्या कितीतरी घरांतली मुलं आज मुंबई-पुण्याला, काही परदेशात. सातबाऱ्यासाठी पूर्वी रजा टाकून यायचं आणि तलाठी भेटले नाहीत तर तसंच परत जायचं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ग्रामपंचायतींत २०११ साली 'संग्राम' योजनेनं संगणक आला, तीच पुढे 'आपले सरकार सेवा केंद्रं' झाली. जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, घराचा नमुना ८ चा उतारा, सगळं तिथे.

पण माझ्या मते सामान्य माणसाला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट ही नव्हे. ती आहे पोच! २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अर्जाची पोच देणं बंधनकारक केलं. तीत अर्जाचा क्रमांक, तारीख आणि काम किती दिवसांत होणार ते हवं. अर्ज नाकारला तर कारणही लेखी द्यावं लागतं. मुदत टळली तर त्याच विभागात वरच्या अधिकाऱ्यांकडे दोन अपिलं आणि वर आयोग. "उद्या या" या दोन शब्दांवर आमच्या पिढीची किती वर्षं गेली! पोच हातात असली की त्या 'उद्या'ला तारीख चिकटते.

शाळेत आवक-जावक नोंदवही असते. ज्या कागदावर क्रमांक पडला नाही तो आलाच नाही, असा साधा हिशेब. संगणकानं हेच शिस्तीचं काम करायचं आहे. होमपेजवर पुढाऱ्यांचे फोटो नसले तरी चालेल.

आता दुसरी बाजू. पेणच्या डोंगरातली कातकरी बाई दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जाते. लिहिता-वाचता येत नाही. तिचा अर्ज दुसरा कुणीतरी भरतो, मोबाइल नंबर तिसऱ्याचा, म्हणजे ओटीपी आणि पोचेचा मेसेज त्या तिसऱ्याकडेच जाणार. पैसे आणि कागद देऊन ती रिकाम्या हातानं वाडीवर परतते. महिन्यानं आली की "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." म्हणजे 'उद्या' पुन्हा हजर! पूर्वी निदान समोरच्या माणसाशी भांडता यायचं.

म्हणून खिडकी बंद करू नका. अर्ज कुणीही भरो, पोचेचा छापील कागद अर्जदाराच्या हातात पडलाच पाहिजे, मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत. 'सक्षम प्राधिकारी' न लिहिता कोणाकडे जायचं ते लिहा. माहिती अधिकार कायद्यानं तर २००५ सालीच कार्यालयांना आपल्या अधिकाऱ्यांची आणि कामाची माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगितलं आहे.

आणि परगावच्या आपल्या मुला-नातवंडांनो, गणपतीला गावी याल तेव्हा शेजारच्या एखाद्या आजीचा अर्ज भरून द्या. मात्र पोच छापून तिच्या हातात द्या, आणि त्यावरची तारीख तिला मोठ्यानं वाचून दाखवा.