न पळणाऱ्या दोघांचे काय?

खो-खोत संरक्षणासाठी एका वेळी तीन गड्यांची तुकडी मैदानात उतरते, पाठलाग मात्र कोणत्याही क्षणी त्यांतील एकाचाच चाललेला असतो. उरलेल्या दोघांनी त्या अवधीत नेमके काय करायचे, हा प्रश्न वाशिम जिल्ह्यातील शालेय संघांच्या तयारीत कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला आणि या आठवड्यात मैदानाच्या कडेने पुन्हा तीच एकमेव सूचना ऐकू येऊ लागली : ‘पळ, पळ!’ ज्याला उद्देशून ती दिली जाते तो बिचारा जीव मुठीत धरून पळतच असतो, त्यामुळे त्याला तिचा उपयोग शून्य. आणि ज्या दोघांना खरोखर काही सांगण्याची गरज असते ते खुंटाजवळ गुडघ्यांवर हात टेकून, सामना पाहायला सर्वांत जवळची जागा फुकटात मिळाल्याच्या थाटात, सोबत्याची धावपळ न्याहाळत उभे असतात. पाठलाग करणारा मध्येच खो देतो, उठलेला नवा गडी या दोघांकडे वळतो, एकाला सूर मारून टिपतो आणि दुसरा पुढच्याच खोला सापडतो. गुणपत्रकात दोघे केव्हा बाद झाले याची वेळ पडते; ते एकमेकांना खेटून उभे होते हे लिहायला त्यात रकाना नाही.

खो-खो मॅटवरच खेळवण्याच्या हट्टावर आणि दहावीच्या क्रीडागुणांवर या स्तंभात पूर्वी जे लिहिले गेले ते ज्यांच्या लक्षात असेल, त्यांना ही तक्रार त्याच माळेतली वाटेल, आणि तसे वाटण्यात फारशी चूक नाही. या वेळी दाखला मात्र परदेशी आहे. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी जमातींचा खेळ. लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा, पळत पळत तो सोबत्याकडे फेकायचा आणि अखेर प्रतिस्पर्ध्याच्या गोलात मारायचा, एवढे त्याचे सार. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले असता, २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धांसाठी ज्या पाच खेळांना मान्यता मिळाली त्यांत क्रिकेटच्या शेजारी लॅक्रॉसही होता, पण क्रिकेटच्या जल्लोषात त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही. आता मैदानावरच्या गप्पांतून ‘ऑलिंपिकमधले खेळ शाळाशाळांत आणा’ असा सूर अधूनमधून निघतो. ज्या विदर्भातून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूचे प्रात्यक्षिक दाखवायला गेले, त्याच विदर्भाने आता जाळीच्या काठ्यांची वाट पाहत बसावे, हा काळाचा महिमा म्हणावयाचा. काठ्या येवोत न येवोत. त्या खेळाचे प्रशिक्षक लहान मुलांना जे पहिल्या महिन्यात शिकवतात ते मागवून घ्यायला हरकत नाही, आणि त्याला निविदाही काढावी लागत नाही.

दहा-दहा खेळाडूंच्या मूळ लॅक्रॉसमध्ये अंतराची एक अट नियमातच घालून दिलेली आहे. गोलरक्षकासह किमान चार जण आपल्या अर्ध्या मैदानात आणि किमान तीन जण पुढच्या अर्ध्यात असलेच पाहिजेत, म्हणजे चेंडू कुठेही असला तरी सगळ्यांना त्याच्यामागे धावता येत नाही. परंतु या अटीने प्रश्नाचा निम्माच भाग सुटतो, कारण आक्रमणासाठी पुढे गेलेल्या सहा जणांनी एकमेकांपासून किती लांब राहावे याबद्दल नियम मूग गिळून बसतो, आणि नवशिकी मुले जगात कुठेही असली तरी चेंडू ज्याच्याकडे असेल त्याच्याभोवती गोळा होतातच. मदत करावी, जवळ असावे, आपल्यालाही चेंडू मिळावा, अशी त्यामागची प्रामाणिक भावना असते. प्रत्यक्षात जवळ येणारा प्रत्येक सोबती आपल्यावर नेमलेला विरोधी रक्षकही बरोबर घेऊन येतो, आणि चेंडूवाल्याला मदत मिळण्याऐवजी दुसरा शत्रू मिळतो. म्हणून तेथील प्रशिक्षक मुलांना सांगतात की, चेंडू घेतलेला सोबती आपल्या दिशेने मुसंडी मारत आला तर त्याच्या स्वागतासाठी थांबू नये, जागा सोडून लांब निघून जावे, म्हणजे आपला रक्षक एक तर आपल्यामागे ओढला जातो, नाही तर तो मदतीला धावला की आपण मोकळे सापडतो. दुसरी शिकवण याहून सूक्ष्म आहे : रक्षकाने चेंडू पाहण्यासाठी मान वळवली की त्याच क्षणी त्याच्या पाठीमागून गोलाकडे धाव घ्यायची. चेंडू हातात नसलेल्या खेळाडूचे काम यातच सामावलेले आहे, आणि ते काम शिट्टी वाजवून सर्वांना जागच्या जागी थांबवून, कोण कुठे उभा आहे हे त्याचे त्यालाच दाखवून शिकवले जाते.

खो-खोशी तुलना इथे उघड होते. आपल्या खेळातही अंतराची अट नियमाने घातलेली आहे, पण ती केवळ आक्रमकांवर : २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदानाच्या मधोमध, दोन खुंटांच्या दरम्यान, आठ चौकोनांत आठ गडी सुमारे अडीच-अडीच मीटरांवर, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसवलेले असतात, आणि उठलेल्या नवव्याला ना मधली पाटी ओलांडता येते, ना घेतलेली दिशा खुंटाला वळसा घातल्याशिवाय बदलता येते. आक्रमकांना शिस्त लावायचे काम नियमानेच करून टाकलेले आहे. उलट पळणाऱ्या तिघांना कोठेही, कसेही, कोणाच्याही मधून जाण्याची पूर्ण मुभा आहे. आणि जिथे नियम गप्प असतो तिथे प्रशिक्षकाने बोलायचे असते, तर जिल्ह्यातले प्रशिक्षक नेमके तिथेच गप्प असतात. हजेरीची वही, पोषण आहाराचा हिशोब आणि निवडणुकीची यादी सांभाळून मैदानावर पोहोचलेल्या शिक्षकाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे मान्य केले तरी मैदानावरची चूक त्यामुळे मिटत नाही.

वास्तविक न पळणाऱ्याने काय पाहावे हे खो-खोच्या नियमांतूनच निघते. खो नेहमी पाठीमागून द्यावा लागतो, त्यामुळे पाठलाग करणारा ज्या अंगाला धावत असतो त्या अंगाला पाठ करून बसलेल्यांनाच तो उठवू शकतो, आणि उठलेला गडी तोंड समोर असल्याने पलीकडच्या अंगाला निघतो. प्रत्येक खोबरोबर पाठलागाची बाजू पालटते ती यामुळे. जो संरक्षक ‘आक्रमक त्या बाजूला आहे, आपण या बाजूला आहोत, म्हणजे सुरक्षित’ असा हिशोब करून उभा राहतो, तो पुढच्याच खोला नव्या आक्रमकाच्या पुढ्यात उभा सापडतो. सुरक्षितता बाजूत नसते, ती चौकोनांच्या संख्येत असते : खो मिळण्याचा संभव असलेल्या गड्यापासून तीन-चार चौकोन दूर, आणि दुसऱ्या सोबत्यापासूनही तेवढेच दूर. एकेरी साखळीच्या खेळात, म्हणजे बसलेल्या गड्यांच्या मागून-पुढून नागमोडी वळणे घेत संरक्षक एका खुंटाकडून दुसऱ्या खुंटाकडे जात असतो तेव्हा, त्या खुंटाशी विसावलेल्या दोघांनी तो पोहोचण्याआधीच जागा रिकामी करून उलट टोक गाठायला हवे, अन्यथा तो पाठलाग आणून त्यांच्याच अंगावर सोडतो. लॅक्रॉसमधल्या जागा सोडणाऱ्या मुलाचे काम आणि हे काम एकच.

एक फरक मात्र नजरेआड करता येत नाही, आणि तो खो-खोच्या बाजूने आहे. लॅक्रॉसमध्ये प्रत्येक आक्रमकावर साधारणपणे एक रक्षक नेमलेला असतो, त्यामुळे जागा चुकली तर एका रक्षकाला फायदा होतो; खो-खोत एकच धावता आक्रमक तिघांवर हक्क सांगतो आणि आठ जण उठायला टपलेले असतात, म्हणून इथे जागा चुकण्याची किंमत अधिक मोजावी लागते. देशी खेळ सोपा आणि परदेशी खेळ शास्त्रशुद्ध, ही समजूत बाळगणाऱ्यांनी या मुद्द्यावर थोडा विचार करावा. गणिताच्या जादा तासासाठी खेळाचा तास बळी देणाऱ्या शाळांचीच मुले मैदानावर सर्वांत जास्त घोळका करतात, हे विधान पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, तरी या स्तंभाची ती जुनी आणि पक्की समजूत आहे. रिकामी जागा ओळखण्याची सवय रिकाम्या मैदानावरच लागते, फळ्यावर नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाने न पळणाऱ्यांच्या कामाबद्दलच्या या म्हणण्याला अनपेक्षित दुजोरा दिलेला आहे. अंतिम सामन्यांत भारताच्या महिलांनी प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनी प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ५४-३६ असे, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे म्हणून मराठी वृत्तपत्रांनी आनंदाने रकाने भरले. त्या रकान्यांत एक गोष्ट दबून गेली. त्या स्पर्धेत तुकडीने तीन मिनिटांहून अधिक काळ तग धरला की संरक्षणाचेही गुण मिळत, आणि ते गुण तुकडीच्या एकत्रित टिकावाचे होते. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताची एक तुकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली. पाच मिनिटे कोणी एकटा पळून काढत नाही. दमलेला सोबती केव्हा बाजूला काढायचा, आक्रमकाच्या नजरेस मुद्दाम पडून पाठलाग आपल्याकडे केव्हा ओढून घ्यायचा, हे ज्या दोघांना कळते त्यांच्या जिवावर तिसरा टिकतो. पण आपल्याकडच्या बातमीत अजूनही ‘अमुकने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले’ एवढेच छापून येते, जणू त्या वेळी मैदानात तो एकटाच होता.

न पळणाऱ्यांचे हे काम शिकवायला मॅट लागत नाही, आणि कोरडे मैदानही लागत नाही, हा वाशिमच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे. जिथे मुरूम टाकलेला नाही तिथली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते, फक्कीने मारलेल्या रेषा दुपारपर्यंत वाहून जातात आणि सराव बंद म्हणून मुले व्हरांड्यात बसतात; त्याच व्हरांड्यात आठ खडूच्या खुणा करून, तिघांना नुसते चालायला लावून आणि खो म्हणताच थांबायला सांगून चौकोन मोजता येतात. दोघे एकाच किंवा लगतच्या चौकोनासमोर सापडले तर ती चूक, मग ते बाद झालेले असोत वा नसोत. सामन्याच्या वेळी बारा जणांच्या संघातले जे तीन राखीव गडी कडेला बसून असतात, त्यांतील प्रत्येकाला पळणाऱ्या तिघांपैकी एकेक वाटून द्यावा आणि दर खोला तो कितव्या चौकोनासमोर होता हे वहीत मांडायला लावावे. डाव संपल्यावर त्या तीन वह्या शेजारी ठेवल्या की कोण कोणाला खेटून उभा होता हे गुणपत्रकापेक्षा स्पष्ट दिसेल, आणि राखीव गड्यांनाही प्रमाणपत्रासाठी काहीतरी काम केल्याचे समाधान मिळेल.