तालिकोटच्या रणात नसलेले वऱ्हाड

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णाकाठी झालेल्या तालिकोटच्या, अर्थात राक्षसतागडीच्या लढाईत अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर या चार शाह्या एकवटून विजयनगरच्या रामरायावर चालून गेल्या. दख्खनची पाचवी शाही, म्हणजे वऱ्हाडातील अचलपूरची इमादशाही, मात्र त्यांत नव्हती. त्यामुळे वऱ्हाडी वाचकाला हा संग्राम परमुलखातला वाटतो, आणि हा समज या दिवाळी अंकाच्या आरंभीच दूर व्हायला हवा.

इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तांतानुसार अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचा तोफखानाप्रमुख चेलेबी रूमी खान (रूमी म्हणजे तुर्की मुलखातला) याने सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या. पुढे भारी, मध्ये मध्यम आणि मागे जंबुरक, म्हणजे खुंटीवर फिरणाऱ्या हलक्या तोफा, अशी ही रचना होती आणि तिच्यासमोर दोन हजार तिरंदाजांची फळी उभी करून सारा तोफखाना झाकलेला होता. शत्रू अंगावर येताच तिरंदाज मागे सरले, तोफा धडाडल्या, आणि पुढे दळ अगदी जवळ भिडले तेव्हा त्याच तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या ठासून डागण्यात आल्या. तोफा रामरायाकडेही होत्या, म्हणून दारूगोळ्यापुढे तलवार हरली हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. निर्णायक ठरली ती मांडणी आणि माऱ्याची वेळ. रामरायाच्या दोन सरदारांची फितुरी सीझर फ्रेडरिक या व्हेनिसच्या प्रवाशाने नोंदवली आहे, तिचा वाटाही नाकारता येत नाही. रामराया पकडला गेला, हुसेनने त्याचा शिरच्छेद करविला आणि विजयनगर शहर लुटले गेले.

वऱ्हाडच्या अलिप्ततेचे कारण जुन्या वैरात होते. काही वर्षांपूर्वी रामरायाने तहात घातलेल्या अटीपायी हुसेनने आपल्याच मदतीला आलेला वऱ्हाडचा सेनापती जहांगीर खान याला ठार करविले होते. हा राग रास्तच होता, परंतु त्यातून इमादशाहीला संरक्षण मिळाले नाही. विजयनगरचा धाक सरताच अहमदनगरला उत्तरेकडे वळण्यास मोकळीक मिळाली, आणि १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने, इमादशाहीच्या बालराजाला बाजूस सारून सत्ता बळकावलेल्या तुफाल खानाचा पाडाव करून नरनाळा व गाविलगडासह अवघा वऱ्हाड गिळला. पुढे १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीला तोच वऱ्हाड मोगलांना तोडून द्यावा लागला आणि शहाजादा मुरादने बाळापूरजवळ शहापूर वसवून तेथून कारभार सुरू केला.