स्मार्ट इमारतीच्या आत नेमकं काय असतं? दोन तारांची गोष्ट

मी खापरखेड्याचा. आमच्या इथल्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक संच आहे, म्हणजे एकूण 1340 मेगावॅट. वीज बनताना आम्ही रोजच बघतो. आता ती खर्च कुठे होते, याकडे सरकारचं लक्ष गेलंय. 2022 च्या ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायद्याने मोठ्या निवासी इमारतींनाही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणायची वाट मोकळी केली. त्यामुळे 'बिल्डिंग ऑटोमेशन' हा शब्द आता आपल्या सोसायटीपर्यंत येणार. म्हणून त्याची रचना समजून घेऊया.

यात तीन थर असतात. तळाला सेन्सर, झडपा, पंख्यांच्या मोटारी. मध्ये कंट्रोलर. वर इथरनेटवर सर्व्हर आणि ऑपरेटरचा संगणक.

कंट्रोलर एकमेकांना बहुधा आरएस-485 या तारांच्या जोडीने जोडतात. भाषा असते मोडबस (1979) किंवा बॅकनेट (1995). ही वायर एका उपकरणातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी साखळीनेच न्यायची असते. लांबी साधारण 1200 मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर.

नागपुरातल्या एका इमारतीत मी याच्या उलट पाहिलं. एकाच ठिकाणाहून चारही दिशांना फाटे काढलेले. एका मजल्याचं रीडिंग कधी यायचं, कधी गायब. दोन कंट्रोलर बदलून झाले, पण दोष निघाला वायरिंगमध्ये. खर्च मात्र रहिवाशांच्या माथी.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. जुन्या मोडबसमध्ये पासवर्डच नाही, कारण तारा इमारतीबाहेर जाणार नाहीत असं गृहीत धरलं होतं. आता मोबाईलवर एसी बघायचा म्हणून मधला गेटवे थेट इंटरनेटला जोडतात. मग बाहेरचा माणूसही आत पोचू शकतो. बॅकनेटची सुरक्षित आवृत्ती निघाली आहे, पण आधी बसवलेली उपकरणं आपोआप सुधारत नाहीत.

माझ्या मते कायद्याचा फायदा खरंच मिळायचा असेल, तर इमारत ताब्यात घेताना बिल्डरला तीन गोष्टी विचारा. वायरिंगचा नकाशा कुठे आहे? सर्व्हर बंद पडला तरी कंट्रोलर आपलं काम चालू ठेवतील का? आणि इंटरनेटला नेमकं काय जोडलंय? उत्तरं लेखी घ्या.