संगणकाला नारळ

जुलै २०२१च्या पुरात सावित्री महाडच्या घराघरांत शिरली, तेव्हा भिजलेले पंखेसुद्धा आम्ही वाळवून पुन्हा फिरवले. अशा गावात म्हणे धडधाकट, कोरडा संगणक भंगारात काढायचा! का? तर १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि टीपीएम २.० नाही म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. वाणिज्य शाखेत आम्ही घसारा शिकलो. हा घसारा नव्हे, सक्तीची निवृत्ती!

वाचकहो, भंगारवाल्याला थांबवा. बाहेरून जोडायची एक एसएसडी घ्या आणि पेनड्राइव्हवरून तिच्यावर बॅझाइट हे खेळांसाठीच बांधलेलं फुकट लिनक्स बसवा. वाल्वचं प्रोटॉन २०१८पासून विंडोजचे कितीतरी खेळ लिनक्सवर पळवतंय. फक्त डिस्क निवडताना चेकवरच्या आकड्यासारखं नाव दोनदा वाचा. निवडाल ती कोरी होते.

‘पण व्हॅलोरंट चालत नाही!’ इति चिरंजीव. नाही चालत, त्याचा पहारेकरी लिनक्सला आत घेत नाही. मग दुसरं खेळा की!

बँक साठीला नारळ देते, पण सोबत शालही देते. संगणकाला नुसताच नारळ? पैसे मी मोजलेत. त्याच्या निवृत्तीची तारीखही मीच ठरवणार.