शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट

पोराचे पोट दुखते, अशी तक्रार घेऊन वस्तीतल्या कितीतरी आया डॉक्टरांकडे जातात. दुखते ते शाळेच्या दिवशी सकाळी, रविवारी नाही. तपासणीत काही निघत नाही आणि घरात 'नाटक करतो' असा शिक्का बसतो. पण हे बहुधा नाटक नसते. लहान मुलाला भीती शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ती पोटातून बोलते.

अशा मुलाला 'मन खंबीर कर' सांगून काय होणार? वर्गात चुकलो तरी आपले हसे होत नाही, हा रोजचा अनुभव आला तरच मनाला उभारी येते. त्यासाठी एक शिक्षकही पुरतो.

सातारच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. शिपाई नसला की पाणीही मिळत नसे. पुढे मुंबईत, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजींनी जवळ केले, पुस्तके दिली आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आपण मात्र गोणपाटाचीच आठवण काढतो आणि मुलांना म्हणतो, 'बाबासाहेबांनी सोसले, तूही सोस.' हे आम्हाला पटत नाही. मुलांना गोणपाट नको, केळुसकर गुरुजी हवेत.

आजही काही वर्गांत 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' अशी हाक येते. फॉर्म एकेकाला बोलावूनही भरून घेता येतात. नापासाचे गुण सगळ्यांपुढे वाचण्यापेक्षा 'कुठे अडले?' हे बाजूला घेऊन विचारता येते. मुलांना मारणे आणि मानसिक त्रास देणे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मनाईच केले आहे.

शिक्षकांवर सगळे ढकलूनही चालणार नाही. पटावर साठ मुले, वर निवडणुकीची कामे. गप्प झालेले एक मूल त्यांना दिसणार कधी? ते ओळखायचे कसे, याचे प्रशिक्षण त्यांना मिळायला हवे. मूल स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. आपले किती लोक तिथे तोंड उघडतात? पुढच्या बैठकीत शौचालय आणि पोषण आहाराबरोबर हाही विषय मांडा.