पाठीवरचे ओझे

डोंगरावर निघालेल्या माणसाने बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. शहरातील दुकानांत आता गिरिभ्रमणाचे साहित्य हारीने मांडलेले असते. तंबू, झोपण्याच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या, एकाच मुठीत आठ-दहा पाती सामावलेले चाकू! ते सारे पाहिले की, एवढे जवळ असल्यावाचून डोंगराकडे फिरकूही नये, असे कोणालाही वाटू लागते. माझे मत याच्या उलट आहे. जी वस्तू नीट वापरता येत नाही आणि मोडली तर सांधता येत नाही, ती डोंगरात साधन न राहता ओझे होते. हे मत मी कोठे वाचून बनविलेले नाही. ते मला माझ्याच बुटाने शिकविले.

अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा अकोले तालुका म्हणजे सह्याद्रीचे माहेरघर. (२०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते.) महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. प्रवरेचा उगम जेथे होतो तो रतनगड येथलाच, आणि हरिश्चंद्रगडही येथलाच. त्या हरिश्चंद्रगडावर पाचनई गावाच्या वाटेने आम्ही काही मित्र चाललो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. वाट दाखविण्यासाठी गावातील एक वृद्ध गृहस्थ बरोबर होते. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. त्यांच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला दोरी आणि फडक्यात भाकरी होती. आमच्या पाठीवरची गाठोडी पाहून ते एवढेच म्हणाले, "बाळांनो, वरती बिऱ्हाड करायचं हाय का?"

निम्मी वाट संपते न संपते तोच माझ्या बुटाचा तळ टाचेपासून उकलला आणि पावलागणिक फटफट वाजू लागला. मी पिशवी उघडली. तीत स्टोव्ह होता, घडीची खुर्ची होती, तीन तऱ्हांचे चाकू होते; हातभर दोरी मात्र नव्हती. बाबांनी कमरेची दोरी सोडली, तळ आणि चवडा एकत्र आवळून दोन वेढे घेतले आणि एक गाठ मारली. मी चालू लागलो.

ती दोरी वाखाची होती. घायपाताची पाने पाण्यात कुजवून, बडवून त्यांतील धागे काढतात व ते पीळ देऊन वळतात. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या काटेरी झाडापासून झालेली ती वस्तू मला गडावर नेऊन परत आणणार होती.

घोंगडीची कथा याहून मोठी आहे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातरून, पिंजून तिचे सूत काढतात, मागावर ते विणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे घोंगडी ताठ होते. पावसाची बारीक झड तिच्यावरून निथळून जाते. लोकरीचा गुण असा की ती ओली झाली तरी ऊब पुरती सोडत नाही. म्हणून मेंढपाळ तिची खोळ करून पावसात उभा राहतो, रात्री तीच अंथरतो, तीच पांघरतो, आणि दुपारी दोन काठ्यांवर ताणून तिचीच सावली करतो. एकाच वस्तूची ही चार कामे! ती अंगाला टोचते आणि जडही असते, हे मात्र मान्य केले पाहिजे. दुःख याचे वाटते की, या जाड लोकरीला आता पूर्वीसारखा भाव नाही, आणि घोंगड्या विणणारे हातही कमी होत चालले आहेत. बांबूच्या कामट्या व पळसाची पाने यांचे इरलेही असेच मागे पडले. भातलावणीच्या वेळी ते पाठीवर घेतले की दोन्ही हात मोकळे राहत. त्याची जागा आता प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे.

जुने तेवढे चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. विजेरीपुढे पलित्याची प्रतिष्ठा काय? दाट धुक्यात वाट चुकलेल्या मुलाने ओरडून घसा कोरडा करण्यापेक्षा शिटी वाजवावी, हे केव्हाही बरे. बाबांच्या घोंगडीच्या खिशातही एक विजेरी होती.

आणि एका जुन्या साधनाला तर मी स्पष्ट नकार देईन. रानात जाताना कोयता हवाच, असे पुष्कळांना वाटते. पण कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड यांच्या परिसरातील रान १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे फांदी तोडणे व जाळ करणे हा अपराध आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी कारवीचा विचार करावा. ही झुडपे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. एखाद्या हौशी पाहुण्याने टेकण्यासाठी सहाव्या वर्षी तिची काठी तोडली, तर तिचे फुलणे राहूनच गेले! शिवाय कड्यांवर आग्या मोहोळे असतात. खालून धूर गेला की माश्या खवळतात, आणि त्यांच्यापुढे धावून निभाव लागत नाही. गावकऱ्यांना रानाची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एका रात्रीच्या पाहुण्याला ती ठाऊक नसते. म्हणून काठी घरूनच आणावी आणि शिदोरी शिजवूनच न्यावी. माझा स्टोव्हही पिशवीतून बाहेर निघाला नाही. बाबांची भाकरी आणि ठेचा आम्हांला पुरला.

काठी मात्र विसरू नये. उतारावर ती तिसरा पाय होते, ओढ्यात पाऊल टाकण्यापूर्वी पाण्याची खोली सांगते, आणि गवतात आपटली की साप आपण होऊन दूर जातो. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला निघालेली म्हातारी माणसे काठी टेकीत शिखराकडे जातात, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात पूजेचे साहित्य आणि शिदोरी यांखेरीज काही नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचनईला उतरलो. मी बाबांची दोरी परत देऊ लागलो, तर मला गाठ सुटेना. बाबांनी एक टोक धरून ओढले आणि ती सर्रकन सुटली. मग त्यांनी मला ओट्यावर बसविले आणि तीच गाठ माझ्याकडून चार वेळा बांधून घेतली.