गुण विषयाचे की बोलण्याच्या वेगाचे?

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत फिकट गुलाबी रंग नेमका पकडणारा विद्यार्थी तासाभराने तोंडी परीक्षेत गप्प होतो. इंडिकेटर कोणता वापरला, एवढाच प्रश्न असतो. फिनॉल्फ्थॅलीन हे उत्तर त्याला पक्के ठाऊक असते, पण पहिलेच अक्षर ओठांशी येऊन अडते. तोतरेपणा असलेली माणसे एरवी अडणारा शब्द टाळून दुसरा घालतात, तेही इतक्या सफाईने की समोरच्याला कळत नाही. शास्त्रीय संज्ञेला आणि स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो. बाहेरून आलेले परीक्षक क्षणभर वाट पाहतात आणि पुढचा प्रश्न टाकतात. ‘येत नाही सर’ हे शब्द त्यातल्या त्यात सुटतात, म्हणून तो तेच म्हणतो. गुणपत्रिकेत याची नोंद रसायनशास्त्र न आल्याची होते. तोंडी परीक्षेत आपण ज्ञान मोजतो असे मानतो. या मुलांच्या बाबतीत आपण बोलण्याचा वेग मोजतो, आणि हा सरळ अन्याय आहे.

यावर नेहमी ऐकू येते की हा आत्मविश्वासाचा प्रश्न आहे, सराव केला की जाईल. मित्रांत बरे बोलणारा वर्गात अडखळतो, हा त्याचा पुरावा म्हणून दिला जातो. पण हीच माणसे गाताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना सहसा अडखळत नाहीत. परिस्थितीनुसार कमीजास्त होणे हे या अवस्थेचे लक्षणच आहे. तिच्या मुळाशी मेंदूतील वाचेचे नियंत्रण आणि काही अंशी आनुवंशिकता आहे. 2010 मध्ये संशोधकांनी तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदलही दाखवून दिले. भीतीने अडखळणे वाढते, हे खरे. म्हणून तर घाई करणारा परीक्षक ते आणखी वाढवतो. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला हा त्रास असतो, म्हणजे तीन हजारांच्या महाविद्यालयात अंदाजे तीस जण.

अशा विद्यार्थ्यांना उत्तरासाठी जास्त वेळ दिला तर इतरांवर अन्याय होईल, ही शंका टिकत नाही, कारण त्यात इतरांचा एकही गुण जात नाही. नोकरीच्या मुलाखतीत कोण सवलत देणार, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पण बाहेर अन्याय होतो म्हणून आत त्याचा सराव करून घेणे हे शिक्षण नव्हे. वक्तृत्व तपासायचे असेल तर त्याला वेगळे गुण ठेवा आणि तसे आधी सांगा. उरतो सवलतीसाठी लागणाऱ्या दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा मुद्दा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, पण त्याच्या व्याख्येत उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढल्याने किंवा अफेजियाने (मेंदूला इजा होऊन भाषा बाधित झाल्याने) आलेल्या कायम दिव्यांगत्वाची. तोतऱ्या विद्यार्थ्याला त्यात बसवणे कठीण जाते. म्हणून महाविद्यालयांनी दाखल्यासाठी अडून बसू नये. पाच मिनिटे जास्त मिळावीत म्हणून चारचौघांत तोतरेपणाचे सोंग कोण घेईल?

यंदा तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकांना विनंती आहे. प्रश्न विचारल्यावर थांबा. अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, ‘सावकाश बोल’ असेही सांगू नका. त्याने मागितला तर कोरा कागद पुढे सरकवा आणि लिहिलेल्या उत्तरालाही तेवढेच गुण द्या.